आत्यानं खोडलेले आकडे

माझ्या आत्याला सगळी लॅब ‘टकटक’ म्हणायची. तोंडावर नाही, पण तिला माहीत होतं. मुठीत मावेल एवढा एक काउंटर असायचा तिच्याकडे. बटण दाबलं की टक, आकडा एकानं पुढे. मायक्रोस्कोपला डोळा लावायचा, चौकटी आखलेल्या काचेवर यीस्टच्या पेशी बघायच्या, आणि टकटक, टकटक. निळा रंग टाकला की मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत असतात त्या होत नाहीत. शंभरातल्या किती जिवंत, ते वहीत लिहायचं. अठ्ठावीस वर्षं तिनं हेच केलं. लग्नाचं कुणी विचारलं की म्हणायची, “मोजता मोजता राहूनच गेलं बघा.”

ती बाबांची धाकटी बहीण, आमच्याच घरात राहणारी. आई गेल्यावर माझ्या वेण्या तिनं घातल्या आणि वेळप्रसंगी पाठीत धपाटेही. बाबांच्या औषधाचे सात थेंब रोज सकाळी तीच चमच्यात मोजून टाकायची. सहा नाही, आठ नाही. बाबा म्हणायचे, “हिच्या हातून आठवा थेंब पडायलाही घाबरतो.”

पीएचडीला मी त्याच लॅबमध्ये लागले. माझं काम सांगते, घाबरू नका. पेशी साखर खाते, तिचं आत काय काय होतं, ताकद किती मिळते, बाहेर काय टाकलं जातं, अशी बाराशे रासायनिक क्रियांची यादी मी कॉम्प्युटरमध्ये मांडली होती. त्यावरून कॉम्प्युटर हिशेब करायचा की कुठल्या दिवशी किती पेशी जगतील. मग आत्यानं मोजलेले खरे आकडे त्याला दाखवायचे, म्हणजे तो आपल्या चुकांवरून शिकत जायचा. म्हणजे सगळा डोलारा आत्याच्या टकटकीवर उभा. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही. डोक्यात हवा गेली होती, दुसरं काय!

गाडी अडली पाचव्या दिवसावर. तोपर्यंत साखर संपलेली असायची. कॉम्प्युटर म्हणायचा, शंभरातल्या ऐंशी जिवंत. आत्या लिहायची, चाळीस. असं महिनोन् महिने चाललं. शेवटी एका मीटिंगमध्ये माझ्या गाइड सरांनी विचारलं, “फरक का येतोय?” आणि मी सगळ्यांसमोर तोंड वर करून म्हणाले, “सर, मोजणाऱ्यांचा हात पहिल्यासारखा राहिलेला नाही. वयानुसार होतं ते.”

मोजणाऱ्यांचा! आत्या म्हणायचीसुद्धा लाज वाटली मला. ती टेबलाच्या टोकाला वही मांडीवर घेऊन बसली होती. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, “असेल.”

मी तिचे ते सगळे आकडे वगळून टाकले. वर शहाणपणा असा, की कॉम्प्युटरचा अंदाज छापून कागद इन्क्युबेटरच्या, म्हणजे पेशी वाढवायच्या उबदार कपाटाच्या, दारावर चिकटवला आणि तिला सांगितलं, “दहापेक्षा जास्त फरक आला तर परत मोज.” पुढच्याच महिन्यापासून आकडे जुळायला लागले. मग काय, नव्या आकड्यांवर कॉम्प्युटर शिकला, शंभरातले चौऱ्याण्णव अंदाज बरोबर यायला लागले. सरांनी पाठ थोपटली, एका परिषदेत बक्षीसही मिळालं. घरी येऊन मी आत्याला म्हणाले, “बघ, लक्ष देऊन मोजलं की कसं जमतं!” हे वाक्य आठवलं की अजून जीभ हासडून टाकावीशी वाटते.

आत्यानं त्या वर्षात दोनदा चष्मा बदलला. सुईत दोरा ओवायला ती शेजारणीकडे जायला लागली. बाबांचं औषध टाकताना म्हणायची, “दादा, तुम्हीपण मोजा हं.” बाबा चेष्टा करायचे, “साक्षीला वकील बोलावू का?” पुढे तिनं बाटली हातात घेणंच सोडलं. मला वाटलं, वय झालं. मीच नव्हतं का सांगितलं तसं?

प्रबंध द्यायच्या आधी सर म्हणाले, “एकदा साखर शून्य करून दाखव. पेशी मरायला हवी.” मी साखर शून्य केली. पेशी मजेत वाढत राहिली. खायला काही नाही आणि वाढतेय! दोन दिवस मी बाराशे क्रिया एकेक करून तपासल्या. एकाच दिशेनं चालणारी एक क्रिया मी दोन्ही दिशांनी मोकळी ठेवली होती. त्यामुळे माझ्या पेशीला फुकटची ताकद मिळत होती. ती चूक सुधारली आणि पाचव्या दिवसाचा हिशेब पुन्हा केला. बेचाळीस आले.

खरं सांगते, पहिल्यांदा मला आत्या आठवली नाही. माझा प्रबंध आठवला. मग प्रश्न पडला: माझा हिशेब चुकीचा होता, तर वर्षभर आकडे जुळले कसे?

मी तिच्या वह्या काढल्या. लॅबचा नियम आहे, चुकलेला आकडा गिरबटायचा नाही. वर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. प्रत्येक पाचव्या दिवशी आत्यानं तीन-तीन आकडे खोडले होते. एक्केचाळीस, त्रेचाळीस, चाळीस. आणि शेवटी, न खोडलेला, शहात्तर.

“आत्या, हे काय?”

“तू म्हणालीस ना परत मोज. चौथ्यांदा मी फिकट निळ्या असतील त्या जिवंत धरायचे.” ती पदराशी चाळा करत म्हणाली. “फिकट आहेत की माझ्याच डोळ्यांना तशा दिसतात, तेच कळेनासं झालं होतं गं.”

“तू बरोबर होतीस. पहिल्या दिवसापासून. चूक माझी होती.”

“मग तुझी पीएचडी जाणार का?” तिनं घाबरून विचारलं.

धरणी दुभंगावी असं म्हणतात ना, ते मला तेव्हा कळलं. पुढच्या मीटिंगमध्ये उभी राहून मी सगळं सांगितलं, आत्या म्हणून नाव घेऊन सांगितलं. बक्षीस परत केलं. प्रबंध आठ महिने लांबला. खोडलेले आकडे पुन्हा भरायला आम्ही दोघी रोज दुपारी बसायचो; ती वाचायची, मी टाइप करायचे. “एक्केचाळीस,” ती म्हणायची, आणि वही माझ्याकडे फिरवायची. “एक्केचाळीसच आहे ना? बघ बरं तू.” स्वतःचंच अक्षर! चारशे आकडे, चारशे वेळा वही फिरली. मी प्रत्येक वेळी “हो” म्हणत गेले.

पदवी मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांच्या औषधाची बाटली आत्याच्या हातात ठेवली. “आज तू टाक.” ती नको नको म्हणत होती, मी ऐकलं नाही. मी मुद्दाम खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

“सात पडले ना गं?”

“मी बघितलंच नाही, आत्या. तू मोजलेस ना, मग झालं.”

मला वाटलं होतं ती हसेल. वळून बघितलं तर तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाबा म्हणाले, “अगं दे इकडे, सातच आहेत.” तिनं चमचा बेसिनमध्ये ओतला, धुतला, आणि बाटली माझ्या हातात दिली.