बंद ओठांसमोरचा माइक

मी आवाजाचं काम करते. रेकॉर्डिंग, एडिटिंग, मिक्सिंग... सोळा वर्षं झाली. भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता, आणि त्याला कारणही हे कामच. "रेकॉर्डिंगमध्ये कुणीतरी कुजबुजतंय" म्हणत घाबरलेले लोक माझ्याकडे फाइल घेऊन यायचे आणि मी दर वेळी छडा लावायची. कधी ढिली केबल, कधी शेजारच्या खोलीतला फ्रिज, एकदा तर कुलरच्या पंख्याला घासणारी वाळ्याची काडी निघाली. आवाज कुठून तरी यावाच लागतो, असं मी सगळ्यांना ठणकावून सांगायची.

आता सांगत नाही.

नावं बदलून लिहिते आहे. ज्यांच्याकडे मी नोकरी केली त्यांना आपण प्रदीप सर म्हणू. नागपुरात एका एफएम स्टेशनवर ते दुपारचा कार्यक्रम करायचे. आवाज असा की रिक्षावाले गाडी बाजूला लावून ऐकायचे. सुरुवातीला गाणी आणि गप्पा... मग हळूहळू 'आपल्यापासून काय लपवलं जातंय' सुरू झालं. मोबाइल टॉवरमुळे संत्र्याचा बहार गळतो, नळाच्या पाण्यात काहीतरी मिसळतात, वगैरे. स्टेशनने त्यांना काढलं, तेव्हा "बघा, मला गप्प करतायत" म्हणत त्यांनी स्वतःचं इंटरनेट रेडिओ चॅनल काढलं. नाव 'झाकलेलं'. नंतर त्याच नावाने फिल्म्सही. टॉवर आणि संत्र्यांवरची फिल्म तर काटोलकडच्या गावांत हॉल भरून दाखवली गेली.

माझा यातल्या कशावरही विश्वास नव्हता. मग मी तिथे का होते? कारण माझे वडील धंतोलीच्या हॉस्पिटलात ॲडमिट होते तेव्हा हाच माणूस सलग अकरा दिवस रोज डबा घेऊन यायचा आणि बाबांशी क्रिकेटवर भांडायचा. एकट्या म्हाताऱ्या श्रोत्यांना तो स्वतःहून फोन करायचा. वाईट माणूस नव्हता. पण एकदा एखादी गोष्ट डोक्यात बसली की समोरचं माणूस त्याला दिसायचंच नाही.

आमचा स्टुडिओ धंतोलीतच, हॉस्पिटलांच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. आम्ही तिघंच – सर, मी आणि कॅमेरामन इम्रान.

त्या हिवाळ्यात बुटीबोरीकडे एका कारखान्यात बॉयलर फुटला. तीन कामगार गेले. देह गुंडाळूनच घरच्यांच्या ताब्यात दिले. सरांना एवढं पुरलं. "चेहरे कुणी पाहिले?" त्यांनी कार्यक्रमात विचारलं. मग म्हणाले, कारखान्यात काहीतरी गुप्त बनत होतं, ते या तिघांनी पाहिलं, म्हणून त्यांना जिवंत उचलून दुसऱ्या राज्यात नेऊन ठेवलंय. स्फोट हे नाटक. घरच्यांचं रडणंही नाटक.

लोकांनी ते उचलून धरलं. फिल्म करायचं ठरलं.

मार्च संपत आला होता. आम्ही त्या तिघांपैकी एकाच्या, देविदासच्या, घरी गेलो. पत्र्याचं छप्पर, पुढे एक खोली, मागे पडदा लावून स्वयंपाक. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली देविदासचा फोटो. त्याची बायको कुंदाताई, पस्तिशीतल्या असतील. बोलायला का तयार झाल्या, तर "एकदाचं खरं सांगून टाकू द्या मले, मंग तरी लोकं गप्प बसतीन."

आवाजासाठी मी कुलर बंद केला. सरांच्या शर्टला एक छोटा कॉलर माइक, कुंदाताईंच्या पदराला दुसरा. दोन्ही वेगवेगळ्या ट्रॅकवर. हेडफोन माझ्या कानाला. हे मुद्दाम सांगते आहे, पुढे लागेल.

"वहिनी, तुम्ही चेहरा पाहिला होता?"

"नाही. पाहू नाही देला. पाय पाहिला. अंगठ्याले नख नव्हतं त्यांच्या, लहानपणीच गेलं होतं. तो पाय त्यांचाच होता."

"नखावरून नवरा ओळखला?" सर कॅमेऱ्याकडे बघून हसले.

कुंदाताईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुमची बायको तुमाले कायच्यावरून ओळखते, भाऊ?"

सर क्षणभर गडबडले. आणि गडबडले की ते नाटकी व्हायचे. उठून उभे राहिले, मागच्या पडद्याकडे तोंड करून जोरात हाक मारली – "देविदासभाऊ! ऐकत असाल तर बोला! सगळे ऐकून राहिले!"

खोलीत शांतता. बाहेर कुठेतरी कोंबडी कलकलत होती.

आणि माझ्या कानात एक पुरुष अगदी सहज म्हणाला, "थांब, येतो."

मी हेडफोन काढला. इम्रानकडे पाहिलं. त्याने काहीच ऐकलं नव्हतं, आणि कुंदाताईंनीही नाही. पडद्यामागे जाऊन पाहिलं. गॅसची शेगडी, पाण्याचा ड्रम, बाकी कुणी नाही.

स्टुडिओत येऊन ऐकलं तर शब्द स्पष्ट होते. पण फक्त सरांच्या ट्रॅकवर. कुंदाताई त्यांच्यापासून चार फुटांवर बसल्या होत्या. खोलीत कुणी बोललं असतं तर त्यांच्या माइकवर थोडं तरी आलं असतं. तिथे काहीच नाही... म्हणजे बोलणाऱ्याने सरांच्या छातीला जवळजवळ ओठ लावून ते शब्द उच्चारले असले पाहिजेत. मी केबल तपासली, वायरलेसची फ्रिक्वेन्सी तपासली, आसपासचे सगळे चॅनल तपासले. काही सापडलं नाही.

सरांना मात्र आनंद झाला. "सापडला! जिवंत आहे तो! घरातच लपवलाय!"

"सर, हे टाकू नका," मी म्हणाले. "हा आवाज कुठून आला ते मला कळेपर्यंत तरी."

"स्मिता, तू पण त्यांच्यासारखीच बोलून राहिली."

ट्रेलरमध्ये ते दोन शब्द तीनदा वाजवले गेले. आठवड्याभरात लोक कुंदाताईंच्या दारात. कुणी ड्रमचं झाकण उघडून बघितलं, कुणी पत्र्यावर चढलं. त्यांची मुलगी चौथीत होती. शाळेच्या फाटकाशी मोबाइल समोर धरून तिला विचारलं गेलं, पप्पा कुठे लपवले?

मी तेव्हाच नोकरी सोडायला हवी होती. नाही सोडली. ते माझ्या माथी आहे.

एप्रिलमध्ये एका दुपारी कुंदाताई स्वतः स्टुडिओत आल्या. घामाने भिजलेल्या, चेहरा उतरलेला. पाणी दिलं ते घेतलं नाही. म्हणाल्या, "मोबाइलवर नीट समजत नाही. मले इथं ऐकव, ताई."

मी मूळ फाइल लावली. हेडफोन त्यांना दिला आणि दुसरा मी घातला. सरांची हाक आली, शांतता आली. आणि मग –

"आलो."

मी फाइलचं नाव पुन्हा वाचलं. फाइल तीच. लांबी तीच. मी स्वतः ती शंभर वेळा तरी ऐकली होती. ट्रेलर उघडून पाहिला, त्यात अजूनही "थांब, येतो"च होतं.

कुंदाताईंनी हेडफोन उतरवून माझ्या हातात दिला. मग म्हणाल्या, "आवाज त्यांचाच हाय."

सर खुर्चीतून उठलेच. "इम्रान, कॅमेरा लाव! वहिनी, पुन्हा म्हणा!"

"जिवंत हायेत म्हणून नाही म्हटलं मी. माणूस मेला माहा. आमच्यात हे भूतबीत मानत नाहीत, मीही मानत नाही." त्या सरांच्या जवळ गेल्या. आवाज चढला नाही. "पण आवाज त्यांचा हाय. अन् ते मले बोलून नाही राहिले, भाऊ. तुमाले बोलून राहिले."

त्या दिवसापासून सर बोलताना मध्येच थांबायला लागले. मान एका बाजूला करायचे, जणू खांद्यावर वाकून कुणी बोलतंय. विचारलं की म्हणायचे, "जॅमिंग आहे. माझ्या माइकवर सिग्नल सोडून राहिले ते लोक." मी त्यांना तीन नवे माइक आणून दिले.

मे महिन्यात त्यांनी लाइव्ह जाहीर केलं – फिल्म येण्याआधी 'सगळा पुरावा' सांगणार. दुपारी एकला. काचेपलीकडे सर, अलीकडे मी आणि इम्रान. बाहेर ऊन असं की गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

"नमस्कार, मी प्रदीप..." एवढं बोलून ते थांबले.

माझ्यासमोरच्या स्क्रीनवर त्यांच्या माइकची हिरवी पट्टी वरखाली होत होती. माणूस बोलताना होते तशीच. सरांचे ओठ बंद होते.

"ताई," इम्रान हळूच म्हणाला, "ये कौन बोल रहा है?" त्याच्या कानाला हेडफोन नव्हता. तो फक्त पट्टीकडे बघत होता.

माझ्या कानाला होता.

आवाज रागावलेला नव्हता. तेच मला सहन होत नाही. भीतीने गोंधळलेला, दमलेला, पत्ता विचारणाऱ्या माणसासारखा आवाज. तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही म्हणता मी जिवंत हाय. सगळ्याइले सांगून राहिले. मंग मले घरी काहून जाता येऊन नाही राहिलं?"

सरांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. तरी ते ऐकतच होते, चेहऱ्यावरून कळत होतं. पट्टी पुन्हा हलली.

"मी दारापाशी जातो. दार दिसते. तुम्हीच सांगा ना, भाऊ... मी मेलो का नाही?"

सरांनी माइक जवळ ओढला. त्यांचा तो सगळ्या विदर्भाला ओळखीचा आवाज कुठे गेला कोण जाणे. घोगऱ्या, अनोळखी आवाजात ते म्हणाले, "तुम्ही मेले, देविदासभाऊ. खरंच मेले. मी खोटं बोललो."

मग ते उठले, जिना उतरले आणि उन्हात चालत गेले.

लाइव्हचं रेकॉर्डिंग आहे. त्यात सरांचा नमस्कार आहे, मग सहा मिनिटं नुसती शांतता आणि शेवटी सरांचं ते वाक्य. प्रश्न विचारणारा आवाज नाही. इम्रान आजही शपथेवर सांगतो की पट्टी हलत होती.

सरांनी सगळं बंद केलं. फिल्म आलीच नाही. पण त्यांच्या श्रोत्यांना ती कबुली पटली नाही. काही म्हणतात, त्यांना औषध दिलं होतं. काही म्हणतात, लाइव्हमध्ये होता तो प्रदीप नव्हताच, खरे प्रदीप सर कुठेतरी डांबलेत. सर आता खापरखेड्याला भावाकडे राहतात. तिथेही अधूनमधून तरुण मंडळी मोबाइल घेऊन येतात आणि फाटकातून ओरडतात, खऱ्या प्रदीपभाऊंना सोडा.

मी एकदा भेटून आले. खूप वाळलेत. चहाचा कप त्यांनी दोन्ही हातांत धरला. मग म्हणाले, "अजून येतात ते, स्मिता. रोज विचारतात. मी रोज सांगतो, तुम्ही मेले. ऐकून घेतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतात."

"तुम्ही कुणा डॉक्टरला..."

"दाखवलं. गोळ्या घेतो." ते कपाकडे बघत राहिले. "माझ्या तोंडचं खोटं त्यांना पटलं वं. आता खरं पटून नाही राहिलं."

हे काय होतं, मला माहीत नाही. माइकचा दोष असेल, सरांना आणि मला एकच भास झाला असेल, मला आतून खात असलेली लाज बोलली असेल. मी सगळी उत्तरं लावून पाहिली. एकही पूर्ण बसत नाही. "आलो" असलेली ती फाइल अजून माझ्याकडे आहे. पुन्हा उघडायची हिंमत झालेली नाही. आता त्यात कोणता शब्द असेल, ते मला जाणून घ्यायचं नाही.

मागच्या महिन्यात कुंदाताईंचा फोन आला होता. लोकांचं येणं थांबलंय, मुलगी पाचवीत गेली, असं सांगितलं. ठेवता ठेवता म्हणाल्या, "ताई, त्या लाइव्हच्या दिवशी तू आतच होती ना वं. खरं सांग... पोरीचे पप्पा काही म्हणाले का?"

मी म्हणाले, "नाही, कुंदाताई. काहीच नाही."