वायली फळी

मी नववीतून शाळा सोडली. कुणाचं बोलणं कळलं नाही की समोरचा माझी शाळा मोजतोय असं वाटायचं, म्हणून मी परत विचारायची नाही. सेवाग्रामला ही खोड मला घराबाहेर काढणार होती.

माझं गाव साताऱ्याकडचं. सासर सुटल्यावर एका ओळखीच्या बाईनं मला इथल्या एका मेसमध्ये चिकटवून दिलं. मेसवाल्या काकूंनी स्वयंपाकाचं काम दिलं, मागची खोलीही दिली, आणि तू कोण, का आलीस, हे विचारलं नाही. त्यांचे उपकार कसे फेडायचे हेच मला कळत नव्हतं. जेवायला यायचे ते दवाखान्यातल्या पेशंटचे नातेवाईक. त्यामुळे स्वच्छतेच्या बाबतीत काकू फार कडक.

माझा हात विळीचा. इथं भाजी बाभळीच्या जाड फळीवर सुरीनं चिरायची. पहिल्या दिवशीच काकूंनी बजावलं, "फयी घासून टाकजो. अन् वायली पाह्यजे बरं, पूर्ण वायली."

फयी म्हणजे फळी, एवढं मी ओळखलं. वायली तर आमच्याकडचाच शब्द. भाऊ वायले निघतात, सुना वायली चूल मांडतात. वायली म्हणजे वेगळी. इतक्या लांब गावचा शब्द कानावर पडला म्हणून मला भरूनच आलं. मग मी रोज फळी घासायची, प्लास्टिकमध्ये गुंडाळायची आणि कशाला लागू नये म्हणून झाकणाच्या पेटीत वायली ठेवायची.

श्रावणात फळीवर काळे ठिपके आले. बोट लावलं तर बुळबुळीत. मी मीठ आणि लिंबाची फोड घेऊन घासली, वर उकळतं पाणी ओतलं, परत गुंडाळून ठेवली. चार दिवसांत ठिपके पुन्हा हजर. पाणी खराब, की लाकूड, की माझाच हात वाईट? काही समजेना, आणि काकूंना विचारायला जीभ रेटेना.

काकूंनी फळीचा वास घेतला. "बुरशी काऊन धरून राह्यली हे? वायली होती ना?"

"व्हय काकू, वायलीच होती."

त्यांनी परत फळीचा वास घेतला. खोटं बोलते असं त्यांना वाटलं असणार. मी तर खरं तेच सांगत होते. मग त्या हळू म्हणाल्या की कुणाच्या पोटात हे गेलं तर मेस बंद करावी लागेल, असं असेल तर दुसरी बाई पाहावी लागेल. त्या दुपारी मी पिशवीत दोन साड्या भरून ठेवल्या.

संध्याकाळी काकूंनी अंगणातले कपडे वायले का ते पाहायला सांगितलं. मी गेले आणि त्यांचे एका बाजूला, माझे दुसऱ्या बाजूला करून घड्या आणून दिल्या. काकूंनी हात लावला.

"हे त ओलेच हायेत."

"पर वायले केले की."

काकू खुर्चीत बसल्या. "पोरी, तुया गावात वायलं म्हंजे का?"

मी सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला. "अन् आमच्याकडं सुकलं म्हंजे वायलं. म्हंजे दोन महिने तू फयीले वायली चूल मांडून देल्ली." मग त्या हसायला लागल्या, आणि मला मात्र रडू आलं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी फळी परत मीठ-लिंबानं घासून घेतली, उन्हात उभी केली, वाळल्यावर खायचं तेल चोळायला लावलं. आता ती खिडकीशी उभीच असते, दोन्ही बाजूंनी वारा लागेल अशी. एका कोपऱ्यातला काळा डाग काही गेला नाही. तो भाग आम्ही वापरत नाही.

पिशवीतल्या साड्या मी परत दोरीवर टाकल्या. काकू आता मला मुद्दाम जीभ वळवून विचारतात, "वा-ळ-ली का वो?" मी त्यांच्यासारखं "वायली" म्हणते. पण आजवर त्यांच्या किती शब्दांना मी असंच हो म्हटलंय, याचा विचार भाजी चिरताना येतो आणि सुरी थांबते. मग मी विचारून घेते.