शिडी सरकली, असं मी लिहून दिलं होतं

घरावर नाताळच्या दिव्यांच्या माळा लावायला माणसं बोलवायची, ही कल्पना बायकोची. इथे जर्मनीत, हॅनोव्हरमध्ये आमच्या गल्लीत बरेच जण बोलावतात. ती माणसं येतात, छताची मापं घेतात, माळा चढवतात आणि जानेवारीत उतरवून घेऊन जातात. माझं म्हणणं, ज्याला पक्कड धरता येते त्याने असल्या कामाला परक्यांना घराभोवती फिरू देऊ नये. पण मला बोलायला तोंड नव्हतं. आदल्या वर्षी मीच माळा लावताना शिडीवरून पडलो होतो आणि उजवं मनगट मोडून घेतलं होतं.

शिडी सरकली, असं मी सगळ्यांना सांगितलं. शिडी सरकली नव्हती. मला भोवळ आली होती. माळेचं टोक अडकवता अडकवता डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यानंतरचं आठवतं ते म्हणजे बर्फात रुतलेला माझा गाल आणि समोर बायकोच्या घरात घालायच्या सपाता. "काय झालं?" असं तिने विचारलं आणि मी म्हणालो, "शिडी सरकली." विचार करून बोललो नव्हतो, पण एकदा बोलल्यावर तेच धरून बसलो.

त्याला कारण होतं. मी एका कंपनीत गाड्यांच्या ब्रेकची चाचणी घेतो. ट्रॅकवर गाडी भन्नाट पळवायची आणि सांगितलेल्या जागी ब्रेक दाबायचा, यासाठी मला पुण्याहून इथे आणलं. भोवळ येणाऱ्या माणसाच्या हातात तिथे गाडी कोण देईल? डॉक्टरने आधी माझं गाडी चालवणं बंद केलं असतं आणि मग बाकीचं विचारलं असतं. मला या कामाचं वेड आहे. ते गेलं तर मी ऑफिसात इतरांचे आलेख बघत बसणार, ही भीती माझ्या मानगुटीवर बसली होती.

"तुला ही माणसं सापडली कुठे?" मी बायकोला विचारलं.

"अरे, समोरच्या आजींनी नंबर दिला. तू एवढ्या चौकशा का करतोयस?"

ते शनिवारी सकाळी आले. पन्नाशीचा एक दाढीवाला आणि त्याची सहकारी, लाल टोपी घातलेली, तोंडातून चकार शब्द न काढणारी बाई. सोबत ट्रकवर बसवलेला, माणसाला छतापर्यंत उचलणारा पाळणा. दोन दिवसांपासून बर्फ पडत होता आणि मी जाकीट चढवून त्या दाढीवाल्याच्या पाठोपाठ फिरत होतो. त्याने आधी घराचे चारी बाजूंनी फोटो काढले. मी विचारलं, कशाला? म्हणाला, "डॉक्युमेंटेशन." आणि हसला. कारागीर माणूस इतक्या सकाळी हसतो कशाला? मग फ्यूजचा डबा कुठे आहे ते विचारलं. मग दुपारी घरी कोण असतं ते विचारलं. मी त्याच्या ट्रकचा नंबर फोनमध्ये लिहून ठेवला.

"तू आत ये बघू," बायको दारातून म्हणाली. "त्यांना काम करू दे." आमची सात वर्षांची लेक खिडकीच्या काचेला नाक लावून उभी होती.

मग त्याने टॅबलेटवर एक फॉर्म उघडला. वर चढायच्या आधी धोक्यांची यादी भरावी लागते म्हणे. असे फॉर्म मी रोज भरतो, त्यामुळे ते कशासाठी असतात हे मला चांगलं ठाऊक आहे. काही बिघडलं की कोणाला धरायचं, त्याची ती आधीच केलेली सोय असते.

"या छतावर काम करताना पूर्वी अपघात झालाय का?"

"नाही," मी म्हणालो. त्याच क्षणी बायको म्हणाली, "हो, माझा नवरा पडला होता."

"कसा?"

"शिडी सरकली," मी घाईघाईने सांगितलं.

तो छताखालच्या फरसबंदीवर वाकला. बूट घासून पाहिला, हातमोजा काढून दगडावरून बोटं फिरवली. दगड खडबडीत होते, शिडी सरकेल असे नव्हते. दिवे लावणाऱ्याला याच्याशी काय करायचंय? आणि मग माझा संशय त्याच्यावरून उडून थेट बायकोवर जाऊन बसला. गेलं वर्षभर ती माझ्यावर नजर ठेवून होती. मी खुर्चीतून उठलो की मान वर करायची. आंघोळीला वेळ लागला की दार वाजवायची. हा माणूस तिने याचसाठी तर आणला नव्हता?

"थांबा," ती त्याला म्हणाली, "सगळं लिहिलेलं आहे." आणि आतून ऑर्डनर घेऊन आली.

या देशात प्रत्येक घरात कागदांच्या अशा जाडजूड फायली असतात. आमच्या फाईलमध्ये त्या अपघाताचा अहवाल होता. मनगट मोडल्यावर क्रांकेनकासेने, म्हणजे आरोग्य विमावाल्यांनी, अपघात कसा झाला हे विचारणारा फॉर्म पाठवला होता. उत्तराला चार ओळींची जागा होती. कोणीही शहाणा माणूस एक ओळ लिहून मोकळा झाला असता. मी आकृतीसकट दोन पानं जोडली. कारण खोटं सांगायला मी तयार होतो, पण मला कोणी निष्काळजी म्हणावं हे मला सोसवत नव्हतं. म्हणून बाकी सगळं अक्षरशः खरं लिहिलं. शिडीचा कोन किती, पायांना नवं रबर, वरचं टोक पट्ट्याने छताच्या लोखंडी हुकाला बांधलेलं, खालचे पाय जमिनीतल्या कडीला बांधलेले. आणि शेवटी, शिडी सरकली.

दाढीवाल्याने दोन्ही पानं शांतपणे वाचली आणि सहकारी बाईला दिली. तिने वाचली आणि पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"आल्झो, म्हणजे ही शिडी सरकणं शक्य नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला. "फारच छान बांधली होती तुम्ही." तो मनापासून कौतुक करत होता. "पण मग पडलात कसे?"

मी त्या बाईच्या हातून पानं परत घेतली. त्याने टॅबलेट बंद केला. आज तुम्ही चढणार नाही तेव्हा आमच्यापुरता प्रश्न मिटला, असं म्हणून तो पाळण्याकडे गेला.

बायकोने मला आत घेऊन दार लावलं. फाईल तिच्या हातातच होती.

"तू मुद्दाम आणलंस याला," मी म्हणालो.

"मी माळा लावायला आणलं! मला वाटलं, तुला शिडीची भीती बसलीये आणि तू ते बोलत नाहीयेस." तिने फाईलकडे पाहिलं. "चक्कर आली होती?"

"हो."

"एकदाच ना?"

इतका वेळ मी सगळ्यांवर संशय घेत होतो, आणि त्या घरात खोटं बोलणारा माणूस एकच होता.

"अजून दोनदा," मी म्हणालो. "एकदा आंघोळीला."

"आणि?"

मला तिच्याकडे बघवेना. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"मे महिन्यात. पोरीला पोहायला नेताना. सिग्नलला उभा होतो, पाय ब्रेकवरच होता."

"ती गाडीत होती?"

"मागे बसली होती. 'बाबा, ग्रुन! ग्रुन!' म्हणून ओरडत होती. सिग्नल हिरवा झालाय म्हणून. आणि मला वाटत होतं, ती कुठेतरी लांब, बागेत खेळतेय."