एकही दिवस न बुडवलेला अपघात

गुरुग्रामच्या आमच्या ऑफिसात प्रत्येक मीटिंग सुरक्षेच्या दोन शब्दांनी सुरू व्हायची. जिना उतरताना कठडा धरा, गरम कॉफी झाकणाशिवाय नेऊ नका, असे ते शब्द. अकराव्या मजल्यावर, जिथे सगळे लिफ्टनेच ये-जा करतात, तिथे जिन्याच्या कठड्यावर इतकं जीव तोडून बोलणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. वाढपी मी, पुण्याहून आलेला सेफ्टी ऑफिसर.

कंपनी गारगोटीचा दगड दळून त्याची पूड विकायची, काचेसाठी आणि टाइल्ससाठी. दळण चालायचं मानेसरच्या पुढे. तिथे दगड वाहून नेणारा लांबलचक रबरी पट्टा होता आणि त्याच्या कडेने एक दोरी. संकटात ती ओढली की पट्टा थांबतो. आमच्याकडे ती खांबाला करकचून बांधलेली होती, कारण चुकून धक्का लागला तरी पट्टा थांबायचा, आणि पट्टा थांबला की गुरुग्रामहून फोन यायचा. शेवटच्या रोलरवरची जाळीही काढून ठेवलेली, कारण जाळी असली की चिकटलेला चुरा खरवडता येत नाही. मी दोन्हींचे फोटो काढून वर पाठवले. उत्तर आलं, फोटोत मागे उभ्या असलेल्या माणसाच्या हेल्मेटचा बंद सुटलेला दिसतोय, कृपया लक्ष द्यावे.

तो मागे उभा असलेला माणूस म्हणजे पट्ट्यावरचा ऑपरेटर. बिहारचा, माझ्याच वयाचा. पुढच्याच महिन्यात एका दुपारी चालत्या पट्ट्याखालचा चुरा काढताना त्याचा उजवा हात रोलरमध्ये गेला. दोरी डाव्या हाताला लागत होती, पण ती बांधलेली. दुसऱ्या कुणीतरी धावत जाऊन वीज बंद केली. दोन बोटं चेंगरली होती. डॉक्टर म्हणाले, बोटं वाचतील, पण हात उंच ठेवून घरी पडून राहायचं आणि धुळीत पाऊलही टाकायचं नाही.

आता आमच्या धंद्यातली खरी हुशारी ऐका. जखमी माणूस दुसऱ्या दिवशी कामावर आला नाही, तरच कंपनीच्या लेखी अपघात झाला. आला, तर तो नुसता प्रथमोपचार. आणि आमचे प्लांट हेड वर्षभर 'शून्य अपघात' मिरवत होते. माणूस मूळचा दादरचा, माझ्याशी मराठीत बोलायचा, म्हणून मला तो आपला वाटायचा. असा मी शहाणा.

"अरे यार, उद्या गाडी पाठव त्याला," ते म्हणाले. "खुर्चीवर बसू दे नुसतं. हजेरी लागली की झालं."

"सर, डॉक्टरांनी धुळीत जायचं नाही म्हणून सांगितलंय."

"मग ऑफिसात बसव. एसी आहे ना तिथे? चलो, फॉर्म भरून टाक."

मी भरला. 'हलके काम' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. माझ्या मुलीला नुकताच शाळेत प्रवेश मिळालाय, नोकरी जाऊन चालणार नाही, अशी स्वतःची समजूत घातली. भित्र्या माणसाला निमित्तं कधी कमी पडत नाहीत.

रोज सकाळी गाडी त्याला आणायची. प्लांटवरच्या त्या ऑफिसात टेबलावर बोट फिरवलं की पांढरी रेघ उमटायची, एसी असो नाहीतर नसो. तिथे तो दिवसभर बसायचा आणि डाव्या हाताने वेडीवाकडी सही करायचा. प्लांट हेडनी एकदा त्याच्या 'कमिटमेंट'चं सगळ्यांसमोर कौतुकही केलं. मग ताप चढला. जखम सडली होती. दोन्ही बोटं कापावी लागली.

"घरी ड्रेसिंग नीट ठेवलं नसणार," प्लांट हेड म्हणाले. "ही माणसं ना, बिल्कुल काळजी घेत नाहीत." शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड! मला त्यांची किळस आली, आणि त्यांच्याबरोबर मान हलवणाऱ्या माझी त्याहून जास्त.

त्याने लेबर ऑफिसात भरपाईचा दावा लावला. सुनावणीत आमच्या वकिलाने हजेरीचं रजिस्टर पुढे ठेवलं. अपघातानंतर ताप चढेपर्यंत जो माणूस एकही दिवस घरी बसला नाही, त्याला कामावर अशी कितीशी इजा झाली असेल? अधिकाऱ्याने मला विचारलं, "ये रजिस्टर सही है?"

"जी, सही है," मी म्हणालो. आणि ते खरंच होतं.

बाहेर व्हरांड्यात तो माझ्याजवळ आला. मला वाटलं, आता शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"साहब, एक बात पूछूँ? उस दिन मैं छुट्टी माँगता, तो मिल जाती?"

मिळाली असती. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ती नाकारताच येत नाही. ही गोष्ट कामगारांना सांगायची माझी नोकरी होती.

"हाँ," मी म्हणालो, "मिल जाती."