दहा हजार वर्षांपूर्वीची पोट्टी अन् माझ्या सासूबाई

आमच्या लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि त्या सोळा वर्षांत मी आणि सासूबाई मिळून सोळा वाक्यं तरी बोललो असू की नाही, शंका आहे. भांडण नव्हतं. अकोल्याला गेलो की त्या डोक्यावरचा पदर पुढे ओढून "बरे हा न जवाईबुवा?" म्हणायच्या, मी "हो आई, तुमी?" म्हणायचो, की दोघंही सुटलो. पुढचा सगळा कारभार बायकोमार्फत. "माय म्हणते, अजून एक पोळी घ्या." "तिला सांग, पोट भरलं." माय समोरच दोन हातांवर बसलेली असायची.

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अमरावतीत झालं. अकोल्याबाहेर त्यांचा भाजीपाल्याचा मळा आहे. तिकडे राहिल्या असत्या तर तिसऱ्या दिवशी वाफ्यात वाकल्या असत्या, म्हणून बायकोने त्यांना महिनाभर राजापेठेत आमच्याकडेच ठेवून घेतलं. बायको शाळेत शिकवते, ती सकाळी दहाला गेली की संध्याकाळीच येते. मी बारावीच्या मुलांच्या जीवशास्त्राच्या शिकवण्या घेतो, त्या सकाळी आणि संध्याकाळी. म्हणजे भर दुपारी घरात आम्ही दोघंच, आणि दीड वाजता त्यांच्या डोळ्यात थेंब टाकायचे.

पहिल्या दिवशी मी बाटली हातात घेऊन त्यांच्या खोलीच्या दाराशी पाच मिनिटं उभा होतो. त्या पलंगाच्या काठावर मान वर करून बसल्या होत्या. पदर नाकापर्यंत, काळा चष्मा हातात. "टाका," एवढंच म्हणाल्या. पहिला थेंब गालावर पडला, दुसरा नाकावर. तिसरा डोळ्यात गेल्यावर त्या म्हणाल्या, "वर्गात पोट्ट्यायलेबी असंच शिकवता का?" आणि लगेच ओशाळून पदर पुढे ओढला. मला हसू आलं. सोळा वर्षांत सासूबाईंनी केलेली ही पहिली थट्टा.

त्या दिवसांत मी मुलांसाठी एक विज्ञानकादंबरी लिहीत होतो. सातपुड्यातल्या एका प्रयोगशाळेत काही शास्त्रज्ञ काळाच्या मागे जाणारं यंत्र बनवतात आणि दहा हजार वर्षांपूर्वीची सात वर्षांची एक मुलगी चुकून त्यात येऊन पडते. पहिली दोन प्रकरणं निव्वळ यंत्राची होती. त्या यंत्राचा मला फार अभिमान होता. मुलीला मी एक भारदस्त संस्कृत नाव दिलं होतं, जणू तिच्या गुहेत लोक रोज संध्याकाळी श्लोक म्हणत असत.

लिहून झालं की मोठ्याने वाचून बघायची मला सवय आहे. दुपारी पुढच्या खोलीत मी वाचत बसायचो. मधला पडदा पाचव्या दिवशी जरा हलला, सहाव्या दिवशी पडद्याआड खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बिचाऱ्यांना टीव्ही बंद, भाजी निवडणं बंद, वाकणं बंद. काय करणार! मी आवाज थोडा चढवला.

तीन प्रकरणं झाली. चौथ्यात शास्त्रज्ञ मुलीच्या हाडांचं मोजमाप घेत होते, रक्त तपासत होते, तिच्या दातांचे फोटो काढत होते. मी रंगात येऊन वाचत होतो, तेवढ्यात पडद्याआडून आवाज आला.

"पोट्टी जेवली का?"

मला आधी कळेचना. "कोण पोट्टी?"

"थेच. मशिनीतली. कवापासून ऐकून राहिलो मी. तिचे दात मोजले, हाडं मोजले. घासभर कोनं देल्लं का तिले?"

मी कागद चाळले. खरंच, तीन दिवस झाले होते गोष्टीत आणि मुलीच्या पोटात पाण्याचा थेंब गेला नव्हता. मी घाईघाईने म्हणालो, "देतो न आई. दूध देतो, बिस्कीट देतो."

पडदा बाजूला करून त्या बाहेर आल्या. काळा चष्मा, हातात थेंबाची बाटली. समोरच्या खुर्चीवर बसल्या. माझ्यासमोर खुर्चीवर त्या कधी बसल्या नव्हत्या. "तिच्या घरी गाय व्हती का?"

"नाही. तेव्हा कोणी जनावरं पाळत नव्हतं आपल्याकडे."

"मंग दूध काहून देता? लेकरू मायचं दूध सुटल्यावर कधी दूध पेलं नाई, अन् तुमी एकदम गिलासभर देता. पोट बिघडन न तिचं."

 हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवतो: दूध पचवणारं विकर कोणाच्या अंगात टिकतं, कोणाच्या नाही. परीक्षेत हमखास येईल म्हणून मुलांकडून पाठही करून घेतो. आणि माझ्याच गोष्टीतल्या मुलीला मी दूध पाजायला निघालो होतो.

"मंग काय देऊ?" मी वही उघडून बसलो.

चाळीस वर्षं भाजी पिकवलेली आणि विकलेली बाई. त्यांनी भराभर नावं घेतली. भाजलेलं रताळं द्या. मी म्हणालो, रताळं समुद्रापलीकडून आलं, तेव्हा आपल्याकडे नव्हतं. बटाटा? तोही तिकडचाच. टमाटं? तेही. भुईमूग? तोही. पेरू? मला सांगायलाही वाईट वाटू लागलं. ज्वारीची भाकर? ज्वारी आफ्रिकेतून आली आई.

"अन् मिरची?"

"मिरचीपण बाहेरचीच."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे एका डोळ्याने पाहिलं. "मिरची आपली नाई?"

"नाही."

"काईबी सांगता! मिरची नोयती तं आपले लोक खात काय व्हते?" मग जरा विचार करून म्हणाल्या, "तुमच्या पुस्तकात ते पोट्टी उपाशीच मरन, जवाईबुवा. तुमाले सगळं मालूम हाय, पन घरात खायाले काही नाई."

संध्याकाळी बायको आली तेव्हा आम्ही दोघं वहीत डोकं घालून बसलो होतो. बोरं, आवळे, कवठ, टेंभरं, चारोळी, मध, भाजलेले कंद, नदीतले मासे. बायको चप्पल न काढता दारात उभीच राहिली. तिची माय माझ्यावर ओरडत होती: "मासा तिच्यासमोर भाजा, नाईतं घाबरन ते!"

पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी चष्मा लावून थोडं फिरायची परवानगी दिली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक भाजीवाली बसते. सासूबाईंना तिथवर नेलं. त्यांनी आधी तिच्या मेथीला नावं ठेवली, भाजीवालीने ती ऐकून घेतली, आणि दोघींची ओळख झाली. मग सासूबाई म्हणाल्या, "बोरं दे बाई, गावरान. घरी एक पोट्टी हाय सात वर्साची. तिखटमिखट काही चालत नाई तिले."

"कोनाची व?"

"लय लांबून आनली. माय नाई जवळ."

"अव माय! कोनं आनली?"

सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "यायनं."

भाजीवालीने मला खालून वर पाहिलं. मला वाटलं, आता सासूबाई खुलासा करतील. पण त्या बोरं निवडण्यात गुंतल्या होत्या आणि त्यांच्या दृष्टीने खोटं काहीच नव्हतं. मीही हातात पिशवी धरून उभा राहिलो. भाजीवालीने दोन मुठी बोरं वरून घातली. "तिले द्या," म्हणाली.

चार दिवसांनी पुन्हा गेलो तर तिने पोत्याखालून एक गुलाबी स्वेटर काढला. धुतलेला, घडी घातलेला, एक बटन तेवढं नव्हतं. "माह्या नातीले लहान झालं. थंडी लय पडून राहिली. त्या पोट्टीले होईन."

माझी मान खाली गेली. सासूबाईही स्वेटरकडे बघत राहिल्या. मग त्या तिथेच, गोबीच्या ढिगाशेजारी, तिच्यासमोर बसल्या. "बाई, माही चूक झाली. ते पोट्टी खरी नाई. हे पुस्तक लिहून राहिले, त्याच्यातली हाय. मी इतके दिस ऐकून राहिलो, तं मले ते घरातलीच वाटाले लागली."

भाजीवालीने हातातलं वांगं तराजूत ठेवलं. मागून दोन स्कूटर हॉर्न वाजवत गेल्या. मला वाटलं, आता ही चिडणार, आणि चिडली तर तिचं चुकलं नसतं.

"म्हंजे थे बोरं कोनं खाल्ले?" तिने विचारलं.

"आमीच," सासूबाई म्हणाल्या.

भाजीवाली अशी हसली की तिच्या तराजूतली वांगी घरंगळली. सासूबाई हसू लागल्या, डोळ्याला ताण नको म्हणून मी त्यांना थांबवायला गेलो आणि मलाच हसू आवरेना. स्वेटर तिने परत घेतला नाही. "थंडी तं गोष्टीतबी असन न," म्हणाली, "घाला तिले." त्या आठवड्यात माझ्या कादंबरीतल्या मुलीला एक बटन नसलेला गुलाबी स्वेटर मिळाला. खरा स्वेटर बायकोने शाळेतल्या एका मुलीला दिला आणि तसं भाजीवालीला सांगितलंही.

असं सगळं मजेत चाललं होतं. एका दुपारी मी पत्रकार परिषदेचं प्रकरण वाचलं. कॅमेरे, प्रश्न, मुलीच्या गळ्यात हार. सासूबाईंना आवडेल असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "हे सगळं झालं. पन तिची माय?"

"ती तिकडेच राहिली, आई. दहा हजार वर्षं मागे."

"हुडकून राहिली असन."

मी हे मनातच आणलं नव्हतं. यंत्राचे स्क्रूसुद्धा मी मोजले होते, पण त्या बाईचा विचार एकदाही केला नव्हता.

सासूबाई थेंबांची बाटली हातात फिरवत राहिल्या. "तुमी हिले घेऊन आले न लग्न करून, तवा मी मेथीच्या जुड्या बांधता बांधता हाक मारत जाव. 'सुतळी आन व,' म्हणून. ओ देयाले कोनी नोयतं. मंग मीच उठत जाव." मग म्हणाल्या, "अमरावती दोन घंट्याच्या वाटेवर हाय, हे मालूम व्हतं मले. तरीबी."

मी त्यांच्या हातातली बाटली घेतली. "दीड वाजला," म्हणालो. त्यांनी मान वर केली. आता माझा एकही थेंब गालावर पडत नव्हता.

त्यानंतरच्या तीन दुपारी मी त्या आईचं प्रकरण लिहिलं. ती ओढ्याकाठी जाते, पायांचे ठसे बघते, ठसे एका जागी संपतात. ती तिथेच बसते. सासूबाई वाक्या-वाक्याला थांबवत. "रडत नाई ते लगेच. आधी आजूबाजूच्या झाडाईत पाह्यते." यंत्राची दोन प्रकरणं मी काढून टाकली. "बरं केलं," त्या म्हणाल्या, "थे मशिनीचं मी झोपूनच ऐकत व्हतो."

महिना संपला, त्या अकोल्याला गेल्या. उरलेली प्रकरणं मी दर रविवारी दुपारी फोनवर वाचून दाखवली. पलीकडे मोटरपंपाचा आवाज यायचा, मधूनच त्या कोणाला तरी ओरडायच्या, "थांब न, पोट्टी नदीपाशी आली!"

शेवटच्या प्रकरणात मी मुलीला परत पाठवलं. आई धावत येते आणि तिला कवटाळते, असं वाचलं. 

"एकदम नाई कवटाळत," सासूबाई म्हणाल्या. "आधी वास घेते. तिच्या केसाले साबनाचा वास येत असन. मायले थो परका वाटन. मंग मानेपाशी हुंगन, तिथं तिचा खरा वास असते. तवा धरन."

मी तसंच लिहिलं. कादंबरी आता प्रकाशकाकडे आहे, त्यांचं उत्तर यायचं आहे. अजून घरी फोन वाजला आणि बायकोने उचलला तर "जवाईबुवा हायेत का?" असं विचारलं जातं, आणि मग मिरचीवरून वाद होतो. मिरची परकी आहे हे त्यांनी अजून मान्य केलेलं नाही.

परवा मी सहज म्हणालो, दुसरी कादंबरी लिहावी म्हणतो.

"लिहा न," त्या म्हणाल्या. "पन या खेपी मोठं मानूस आना. लेकरू नका आनू बावा. लेकराचा लय घोर लागते."