कडूबाचा माळ आणि माझे दोन हजार खड्डे

कडूबा माझा लंगोटीयार. जातीचा धनगर, अन् हट्टी असा की देवानंबी हात टेकावेत. दोन हजार बाराच्या दुष्काळात आमचं गायरान पार उघडं पडलं. फुलंब्रीच्या अलीकडचं गाव आमचं, शहर रोज जवळ सरकत होतं अन् प्लॉटिंगवाले घिरट्या घालत होते. कडूबानं गाव खंडोबाच्या देवळात गोळा केलं अन् सगळ्यांना बेलभंडार उचलायला लावला. तीन वर्षं माळावर एकबी जनावर सोडायचं नाय! स्वतःची साठ मेंढरं घेऊन तो पार पैठणकडं हिंडला. त्याची बायको आवडाबाई गावातल्या बाया घेऊन बांधाबांधावरून गवताचं बी आणायची, माळावर फेकायची.

तेराला पाऊस बरा झाला अन् माळ फुलला. तेरडा, सोनकी, कुर्डू, गुडघाभर पवन्या गवत. चंडोल आले, तितरं आली. मी ग्रामपंचायतीचा मेंबर; कडूबा गावात आला की मला हाताला धरून न्यायचा, थट्टेनं म्हणायचा, "पाय जपून टाका मेंबरसाहेब, घरटी हायेत!"

चौदाला पाऊस रुसला, पण गवतानं तग धरला. शपथ सुटायला चारच महिने उरले होते. दिवाळीला कडूबाची मेंढरं घरच्या माळावर चरणार होती.

अन् तिथंच मी शहाणपणा केला. मला धास्ती, मोकळा माळ कुणीतरी गिळणार. झाडं लावली तर वाचंल. शहरातल्या एका संस्थेला बोलावलं. फॉर्मवर जमीन कशी म्हणून विचारलं होतं. मी ठोकून दिलं, पडीक! कडूबाला विचारलंसुद्धा नाय. म्हटलं, खुश होईल गडी.

जुलैत जेसीबी आला, बॅनर लागलं, दोन हजार खड्डे पडले, त्यांत रोपं लागली. कडूबाचा सत्कार ठेवला होता. खांद्यावर शाल, हातात नारळ, अन् डोळे जेसीबीकडं. माझ्या कानाशी लागला, "अंडी हायेत रं तिथं."

"पाव्हण्यांसमोर नको, कडूबा," मी म्हटलं.

पाऊस आलाच नाय. गवत चाकांखाली गेलं, उकरलेल्या मातीत गाजरगवत माजलं. दिवाळीला मेंढरं आली अन् रिकाम्या माळावर ओरडत फिरली. आठ दिवसांत कडूबानं निम्मी बाजारात नेली. मी शिव्या खायच्या तयारीनं गेलो, तर गड्यानं चहा पाजला. लई लागलं मला ते.

एका सकाळी बघतो तर नवराबायको गावच्या विहिरीवरून कळशीनं पाणी आणून त्या रोपांना घालतायत.

"मरू दे रं ती!" मी ओरडलो. "तुझ्या माळाचं वाटोळं केलं त्यांनी."

"वाटोळं तू केलंस," तो म्हणाला. "रोपांनी काय केलं?"

मी कळशी उचलली अन् त्याच्या मागं चालू लागलो. तीन दिवस आम्ही तिघांनी पाणी घातलं. चौथ्या दिवशी गावची विहीर आटली.