मैदानातलं डोहाळजेवण

माझ्या बायकोच्या मामींसमोर पाच मिनिटं उभा राहून त्यांचा नातेवाईक न ठरता परत गेलेला माणूस अख्ख्या सिंगापुरात सापडायचा नाही. पुण्याहून नवाकोरा एम्प्लॉयमेंट पास घेऊन आलेला इंजिनिअर असो की इथे मुरलेला बँकर, मामी आधी आडनाव विचारणार, मग गाव, मग आईचं माहेर. आणि चहा निवायच्या आत तो त्यांच्या कुठल्यातरी जावेच्या भाच्याचा साडू निघणार. एकदा एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, त्यांनी एका गृहस्थांना असंच गाठलं. ते बिचारे निघाले तेलुगू. तरी उतरताना मामी हळहळत होत्या, "सोलापूरपर्यंत आले होते हो, थोडक्यात राहिले."

हीच विद्या त्यांनी पुढे फुलांवर चालवली. मामा दिवसभर बँकेत, मुलं अमेरिकेत आणि क्वीन्सटाउनचा फ्लॅट सकाळीच आवरून व्हायचा; तेव्हा रविवारी रानात फिरणाऱ्या एका हौशी गटात मामी शिरल्या. बागेतल्या ऑर्किडांकडे त्या ढुंकून बघत नसत. त्यांचा सगळा जीव गवतातल्या, लोक सहज तुडवून जातील अशा फुलांवर. फूल दिसलं की त्या पिशवीतून भिंग काढून सरळ पालथ्या पडत आणि चौकशी सुरू करत. नाक कोणावर गेलंय, देठ कोणाच्या वळणाचा आहे. एकट्या फुलाला बघून निकाल देणं त्यांना मुळीच मंजूर नव्हतं. बहिणी दाखवा, चुलत बहिणी दाखवा, मग बोलू. स्थळ बघायला गेलेल्या बायकाही इतकी चिकित्सा करत नसतील.

एकदा मात्र त्यांची घाई झाली. एक दुर्मीळ फूल सापडल्याची दवंडी त्यांनी गटात पिटली आणि ते निघालं जवळच्या काँडो सोसायटीतल्या कुंडीतून पसार झालेलं. गटाचे म्होरके म्हणजे एक निवृत्त चिनी मास्तर, अत्यंत सभ्य माणूस. ते नुसते हसले. मामींना ते हसू शिवीपेक्षा जास्त लागलं. त्यानंतर मामींनी काहीही दाखवलं की मंडळी "व्हेरी नाइस, आंटी" म्हणत पुढे चालू लागत. एरवी बोलण्यात कुणाला हार न जाणारी ही बाई त्या गटात मागे मागे राहायला लागली, आणि ते बघून मला वाईट वाटायचं.

बायकोला सातवा महिना लागला तेव्हाची गोष्ट. मामी आम्हाला भेटायला बुकित पंजांगला यायच्या होत्या. वेळ उलटून गेली म्हणून मी बघायला खाली उतरलो, तर आमच्या ब्लॉकमागच्या ओलसर मैदानात त्या पालथ्या पडलेल्या. नाकासमोर तुरीच्या दाण्याएवढं एक पिवळं फूल.

"जावईबापू, आपल्याकडे पठारावर सीतेची आसवं फुलतात ना जांभळी, त्यांची ही दुर्मीळ बहीण," त्या कुजबुजल्या. "चिखलात बारीक पिशव्या लावून किडे खाते. मांसाहारी आहे, पण घराणं चांगलं."

अडचण एवढीच, की त्या घराण्यात पिवळ्या बहिणी बऱ्याच. त्यातली एक तर समोरून हुबेहूब हिच्यासारखी, आणि ती काही दुर्मीळ नाही. फळ धरल्यावर दुर्मीळ बहिणीचा देठ खाली वाकतो, दुसरीचा ताठच राहतो. मामींनी मास्तरांना बोलावलं. ते आले, वाकून बघितलं आणि शक्य तितक्या हळुवारपणे म्हणाले, "आंटी, धिस वन द कॉमन कझिन, लाह." मामी म्हणाल्या, फळ धरेपर्यंत थांबा. पण फळ धरायला आठवडा तरी हवा होता आणि गवत कापणारी टोळी येणार होती शनिवारी. मामींनी टोळीच्या मुकादमाला गाठून विनवलं. त्याने साहेबाकडे बोट दाखवलं, साहेबाने त्याच्या वरच्या साहेबाकडे. शेवटी फुलाला वाचवणारं कोणी उरलं नाही.

शनिवारीच बायकोचं डोहाळजेवण होतं, एसी हॉलमध्ये. शुक्रवारी मामींनी परस्पर सगळ्यांना कळवलं, की ते मैदानात होईल. मी उन्हाचा विषय काढला, डासांचा काढला, सातव्या महिन्याचा हवाला दिला.

"दोघी पोटुशा आहेत," मामी म्हणाल्या. "एकीला एसी आणि दुसरीला यंत्र, हे माझ्याच्याने व्हायचं नाही."

बायको हसली आणि माझा पक्ष तिथेच संपला. शनिवारी सकाळी गवतात सतरंज्या पडल्या. हिरवी साडी आणि फुलांचे दागिने घालून बायको मधोमध, भोवती छत्र्या उघडून बसलेल्या बायका, आणि बायकोच्या उजव्या हाताला चार काड्यांच्या कुंपणात ते पिवळं फूल. मामींनी आधी बायकोला कुंकू लावलं, मग दुरूनच एक बोट फुलाकडे केलं. तेवढ्यात यंत्रं घरघरत आली. या देशात झाडाखाली ठेवलेल्या नैवेद्यालाही कोणी हात लावत नाही. निरांजन, नारळ आणि कुंकू बघून मुकादम जागच्या जागी थबकला. अदबीने त्याने विचारलं, "प्रेइंग, आह?"

"येस," मामी म्हणाल्या. "फॉर द बेबी."

त्याने हात जोडले आणि माणसांना वळायला सांगितलं. तासाभरात सगळं मैदान तासून निघालं. आमच्या सतरंज्यांभोवतीचं गवत तेवढं मुंज झालेल्या बटूच्या शेंडीसारखं उभं राहिलं.

पुढचा आठवडाभर मामी रोज दोन गाड्या बदलून येत होत्या. पाकळ्या गळल्या, फळ धरलं, आणि एका सकाळी देठ खाली वाकलेला दिसला. मास्तर सगळा गट घेऊन आले. भर चिखलात गुडघे टेकून त्यांनी मामींचंच भिंग मागून घेतलं आणि बराच वेळ बघितलं. मग उठून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आंटी राइट. आय वॉज राँग."

मामींनी पेढे वाटले ते मुलीला पहिलं स्थळ पसंत पडल्याच्या थाटात. आमच्या ब्लॉकमध्ये वाटले, मामांच्या बँकेत वाटले, थेट हार्बरफ्रंटला कामाला असलेल्या कुणा साडूपर्यंत वाटले. मुकादमाला दोन जास्त मिळाले. त्यानंतर मामींनी मान डोलावल्याशिवाय गटात कुठल्याही फुलाचं नाव पक्कं होईना, आणि त्यांची बसायची घडीची खुर्ची स्वतः मास्तर उचलून नेऊ लागले.

माझी मुलगी रांगायला लागली त्या सुमारास मैदानाला पत्रे लागले. तिथे नवे ब्लॉक उठणार होते. मास्तरांनी परवानगी काढून काही रोपं मातीसकट दुसरीकडे लावून बघितली, पण ती जगली नाहीत. ही बातमी मामींना सांगायची जबाबदारी माझ्यावर आली. मी चाचरतच सांगितलं. त्या मुलीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी तिचं झबलं सारखं केलं.

"गेली," मग त्या म्हणाल्या. "पण कोणाची कोण हे आपल्याला कळल्यावर गेली हो. परक्यासारखी नाही गेली."

घरापासून इतक्या लांब येऊन राहिलेला मी मामींच्या शेजारी जाऊन बसलो.